कोऱ्या पुस्तकांची मोजणी

दादा सिक्युरिटी प्रेसमध्ये मोजणीला होते.
नाशिकरोडचा भोंगा झाला की डबा घेऊन निघत,
गेटवर झडती, मग आत
कोरे पासपोर्ट. गड्डीत किती, पानं किती,
शिवण सरळ की तिरकी.
नाव नसलेली, फोटो नसलेली माणसं
दिवसभर त्यांच्या अंगठ्याखालून सरकायची.
एक पान कमी भरलं तर अख्खा हॉल थांबवत,
दिवेलागण झाली तरी कुणी घरी जात नसे.

शनवारचा ओव्हरटाइम त्यांनी एकतीस वर्षं नाकारला.
साहेब बदलले. कारण तेच.
पेझारकर, तुम्ही नेमके कोण हो?
तेली, म्हणत. शनवारी घाणा बंद ठेवणारे.
पुढचं सांगत नसत.

पुढचं आई सांगे, बिरडं सोलता सोलता.
गलबत फुटलं नवगावच्या खडकावर,
सात बाया सात बाप्ये वाचले,
पुस्तकं बुडाली, सण कुठला कधी तेही बुडालं,
प्रार्थनेतली एक ओळ तेवढी
ओल्या अंगानं वर आली.
"कागदावर नव्हती म्हणून वाचली."
दादा यावर गप्प.
कागदावर पोट होतं त्यांचं.

मिलका आत्या निघाली तेव्हा
तिचा पासपोर्ट त्यांनी हातात घेतला.
नाव वाचलं नाही. शिवण पाहिली,
पान उजेडाला धरलं, म्हणाले,
आमच्याच हॉलचा आहे. चांगला आहे.
आणि मोरीत जाऊन हात धुतले,
कबरस्तानातून आल्यावर धुतात तसे.

दिमोनाहून तिची पत्रं यायची, मराठीत, मोडक्या रेघेत.
इथं वाळू. भाकरीच्या पिठाला पाणी फार लागतं.
इथं मला हिंदी म्हणतात.
तिथं मी काय होते रे?
दादा नखानं तिकिटाची दातेरी कड मोजत,
दोन भोकं चुकलीत त्यांची, म्हणत,
आणि उत्तर लिहायचं राहून जाई.

पेसाहच्या रात्री मनुकांचं सरबत,
मनुका पिंपळगावच्या.
शेवटी सगळे म्हणत, पुढच्या वर्षी यरुशलेमात.
मला वाटे हे गणपतीसारखंच,
पुढच्या वर्षी लवकर या.
म्हणजे जायचं नसतं, म्हणायचं असतं.
पण देवळालीचे चिंचोलकर गेले,
इगतपुरीच्या शेडमधले दोघे भाऊ गेले,
बेनायाची आई तर
पाटा-वरवंटा बोटीवर चढवून गेली.

माणसं आकड्यानं मोजू नयेत असा आमच्यात रिवाज.
म्हणून दादा दहा शब्दांची एक ओळ म्हणत,
माणसागणिक एक शब्द.
कितीतरी शनवार
दहावा शब्द तोंडातच राहिला.

नव्या वर्षाला वालदेवीच्या पुलावर
ते खिसे उलटे करत. पापं झटकायची असतात पाण्यात.
गेटवर रोज तपासलेले खिसे,
त्यातून काय पडणार?
एकदा बसचं तिकीट पडलं.
वाहत गेलं ते बराच वेळ पाहत राहिले.

स्वतःचा पासपोर्ट त्यांनी काढला नाही.
मीही नाही. कंटाळा म्हणा.

पेझार मी पाहिलेलं नाही. दादांनीही नव्हतं.
कुणीतरी कधीतरी तिथून उठलं
आणि गाव नावाच्या शेवटाला बांधून घेतलं,
शिदोरीसारखं.

परवा आत्याच्या नातवानं फोटो पाठवला.
मसाल्याचं दुकान, वर निळी पाटी,
अक्षरं उजवीकडून डावीकडे.
मला वाचता येत नाही, त्यानंच खाली मराठीत लिहिलं होतं,
आजीनं शिकवलेल्या हातानं:
नाशिकर.

एक क कमी भरतो.
आता कुणाला थांबवायचं.