थेंब सुटल्यावर

लाल दिसतं ते फूल नव्हेच,
असं मिस्टर ओल्डरॉइड पहिल्याच दिवशी म्हणाले
आणि मी ओशाळले,
कारण नुकतीच म्हणून बसले होते, काय सुंदर फूल!

ते पान. पानानं घेतलेलं सोंग.
बी.एस्सी.ला घोकलेला शब्द एकोणीस वर्षांनी
हडर्सफील्डच्या एका परसातल्या काचघरात वर आला:
महाछद.
आणि मधली पिवळट काडी, स्थूलकणिश.
भिंग घे, ते म्हणाले.
काडीवर शेकडो फुलं, खसखशीएवढी,
मक्याच्या दाण्यांसारखी तिरप्या ओळींत दाटलेली.
त्यांना लाल व्हायची गरजच पडली नव्हती.

बाहेर नोव्हेंबर, पावणेचारला दिवे.
आत हीटरची घरघर, ओलं मॉस,
आणि उभा जन्म बसचे गिअरबॉक्स उघडलेला माणूस
बारीक ब्रशनं अँथुरियमची लग्नं लावतोय.

लग्न सोपं नाही.
प्रत्येक फूल आधी मादी.
काडीवर थेंब सुटतात, पाकाला सुटावेत तसे,
त्या चार-सहा दिवसांत त्याला पराग हवे असतात
आणि त्याच्यापाशी एक कण नसतो.
थेंब सुकतात.
मधे काही दिवस काहीच नाही.
मग तेच फूल नर होतं,
काडी पिठूळ, भाकरी थापून झालेल्या परातीसारखी.
आता द्यायला आहे, तर घ्यायची वेळ टळलेली.

"म्हणून फ्रीजर," ते म्हणाले.
वाटाण्यांची पिशवी आणि फिश फिंगर्स यांच्यामध्ये
चांदीच्या कागदाच्या पुड्या, वर तारखा.
एका पुडीवर मार्च. मिसेस ओल्डरॉइड तेव्हा होत्या.

माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच होतं
की हे आमच्या अळवाचं सोयरं. सुरणाचं.
आणि शहापूरच्या जंगलात उगवणाऱ्या शेवळांचं,
जी आई काकडं घालून शिजवायची,
नाहीतर घसा असा खवखवतो की बोलायची सोय नाही.
पेशीपेशीत सुया असतात, मी म्हटलं,
ऑक्झलेटच्या, जुडीनं बांधलेल्या.
त्यांनी वहीत लिहून घेतलं: शेवला.
ळ साठी त्यांनी तीनदा जीभ वळवली, मग सोडून दिली.

फेब्रुवारीत ते जिन्यावरून पडले.
वॉर्डातून फोन, खुब्याबद्दल अवाक्षर नाही:
"सत्तावीस नंबरला थेंब आलेत का बघ."
आले होते.
दुकान उघडायच्या आधी, टॉर्च तोंडात धरून,
मी अकरा नंबरची पुडी उघडली.
चिमूटभर पिवळी धूळ, अजून गार.
ब्रश खालून वर फिरवायचा,
कारण फुलं खालून वर जागी होतात.
तीन दिवस, तीन वेळा.
हात कापत होता. थंडीनं असेल.

पुढचं सगळं संथ.
लाल पान हिरवट पडलं, कुणाच्या नजरेत भरेना.
काडी मात्र जाड होत गेली.
ऑक्टोबरात तिच्यातून फळं बाहेर आली,
नारिंगी, बुळबुळीत, दोऱ्यांवर लोंबणारी.
एकेका फळात एक बी, कधी दोन.
चौदा मिळाल्या. रुजल्या पाच.

ओल्डरॉइड आता गूलला, लेकीच्या फ्लॅटमध्ये,
तिथे खिडकी उत्तरेला आहे.
काचघर नव्या मालकानं सायकली ठेवायला घेतलं
आणि रोपं माझ्या न्हाणीघरात, टबाच्या कडेवर.
नवरा म्हणतो, अंघोळ कुणाच्या परवानगीनं करायची?

फोनवर त्यांना विचारलं, पाटीवर काय लिहू?
सत्तावीस गुणिले अकरा, ते म्हणाले.
उलटं नको. आधी आई लिहायची.

मी पेन्सिल घेतली.
शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टापर्यंत
माझ्या नावात आईला कुठेच जागा मिळाली नव्हती.
सत्तावीसचा सात जरा मोठाच पडला,
पाचही पाट्यांवर.