निळ्या झाकणाची डबी

डिसेंबरात कामठी रोडच्या पंपावर
पहाटे साडेपाचला पहिली बुलेट येते.
तिच्याआधी वारा येऊन गेलेला असतो,
कन्हान ओलांडून, थेट तोंडावर.
खालच्या ओठाला मधोमध चीर पडलीय,
हसलं की उघडते.
म्हणून मी हसत नाही.
गिऱ्हाइकं म्हणतात, मोठी अकडू आहे ही.

खिशात निळ्या झाकणाची डबी.
“झिरो पाहा” म्हणायच्या आधी एक बोट,
नोझल लटकवून झाल्यावर एक बोट.
दहा मिनिटं ओठ चकाकतात,
मग त्यांच्यावर येऊन चिकटतं सगळं,
सिमेंट रोडची पांढरी भुकटी,
ट्रकांचा धूर,
कोराडीकडून कोण जाणे किती उडत आलेली राख.
जीभ फिरवली की दाताखाली करकर.
चहा घेतला की चहावर तवंग,
सांडलेल्या डिझेलवर असतो तसाच,
जांभळा, हिरवा, पुन्हा जांभळा.

परातेबाई म्हणाल्या, “काऊन नवल करतेस?
आपण विकतो त्याच्याच घरचं आहे ते.
तिकडून नळीनं गाडीत,
इकडून बोटानं तोंडात.”
मला हसू आलं.
चीर उघडली.

माझा बाप इंदोऱ्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा.
लग्नसराईत त्याचे ओठ बाभळीच्या सालीसारखे.
आई बेंबीत तेल घाल म्हणायची,
तो घालायचा, काही व्हायचं नाही.
एकदाच त्यानं ही जेली लावली,
आणि सदरच्या चौकात ऐन वरातीत
ओठ जागेवर थांबेना.
वरचा सूर पकडायला गेला
आणि असा घसरला
की घोडी दचकली, नवरदेवानं आयाळ धरली,
बँडमास्तरनं त्या रातीचे पैसे कापले.
घरी आल्यावर पितळ पुसत पुसत म्हणाला,
“पोरी, हे पाणी नाही देत.
नुसतं झाकण घालते.
रिकाम्या माठावर झाकण ठेवलं
तर माठ भरते का?”

मला तेव्हा वाटलं,
पैसे कापले म्हणून बोलतोय.

तीन दिवस डबी घरी ठेवून पाहिली.
पहिल्या दिवशी हात खिशात जाऊन जाऊन परत आला.
दुसऱ्या दिवशी मी ओठांची सालं खात होते,
परातेबाईंनी हातावर चापट मारली.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबी उघडली.
आता आधी चूळ भरते,
ओठ ओले असतानाच लावते, मोहरीएवढी.
बरं वाटतं का?
थोडं.
राख मात्र येतेच.

त्याचं माउथपीस अजून आहे माझ्याकडे,
टिकल्यांच्या डब्यात.
ड्यूटीवरून आल्यावर कधी कधी
त्याची गार कड चिरेवर टेकवते.
फुंकत नाही.
शेजारी झोपलेले असतात,
आणि वरचा सूर
मला कुठे येतो.