विषय क्रमांक सात

वृक्ष समितीत मला घेतलं ते
नियमात 'एक तज्ज्ञ' असं लिहिलंय म्हणून.
बत्तीस वर्षं पोरांना पानांच्या कडा शिकवल्या,
दातेरी, अखंड, लहरदार,
एवढ्या भांडवलावर मी
कोरेगावच्या झाडांची सल्लागार.

पहिल्याच सभेत छापील कागद फिरला:
माझे अथवा माझ्या नातलगांचे
कोणतेही हितसंबंध नाहीत.
खाली रेघ.
शिंगट्यांचा मेहुणा रस्त्याचा ठेकेदार.
त्यांनी शेजाऱ्याचं पेन मागून सही ठोकली.
नगराध्यक्षा हसल्या, "अहो, या गावात
नातं नसलेला माणूस हवा असेल
तर पुसेगावच्या यात्रेत शोधावा लागेल."
"तिथंही माझी आत्या आहे," धोत्रे क्लार्क म्हणाला.
मीही सही केली. वळणदार.

आणि दाराजवळच्या खुर्चीत
प्रेमजी पोकार, वखारवाले.
आजा कच्छहून आला, नातू 'व्हय की' म्हणतो.
झाडांच्या समितीत वखारवाला!
घरी येऊन यांना म्हटलं,
शिंकं तुटायची वाट कशाला,
बोक्यालाच राखणीला बसवलाय.

मी वही घातली. त्यांचा शब्द न् शब्द, तारखेनिशी.
जून: बोलले नाहीत.
ऑगस्ट: पंखा बारीक करा म्हणाले, कागद उडतात.
ऑक्टोबर: तिठ्यावरच्या वठलेल्या आंब्याचा लिलाव.
ते उठले. टेबलाखाली चप्पल शोधली.
"हा माझा धंदा," एवढंच बोलून
व्हरांड्यात जाऊन उभे राहिले,
खिडकीकडं पाठ करून, ठराव होईतो.
आत चहा आला.
धोत्रेनं त्यांच्या कपावर बशी पालथी घातली.
मी लिहिलं: बाहेर गेले.
पुढं प्रश्नचिन्ह.

जानेवारी. विषय क्रमांक सात.
बाजारपेठेमागची चिंच, बुंधा अकरा फूट,
मुळांनी लगतच्या मिळकतीची भिंत दोनदा फुटली,
सबब तोडण्यास परवानगी मिळावी.
अर्जदार: द. गो. काटकर.
म्हणजे माझे दीर.
भिंत सामाईक, आणि अक्षर माझं.
धोत्रे माझाच विद्यार्थी.
त्यानं अर्ज कुठंही न अडखळता वाचला.
ते अक्षर तो पाचवीपासून फळ्यावर वाचत आलाय.

"तज्ज्ञांचं मत?"

टॅमरिंडस इंडिका, मी म्हणाले,
नावात हिंद आहे, पण मूळची आफ्रिकेची.
तशी ती आपली नव्हेच.
खरं तेच सांगितलं.
बत्तीस वर्षं हेच सांगत आले,
फक्त तेव्हा पुढं म्हणायची,
"आणि बघा, किती आपली झाली."
ते वाक्य त्या दिवशी
घशाशी येऊन बसलं, चिंचोक्यासारखं.

माना डोलल्या.
प्रेमजी म्हणाले, "चिंच करवतीचे दात मोडती.
खाटकाच्या ठोकळ्याशिवाय गिऱ्हाईक नाय तिला.
तरी लाकूड आलं तर माझ्याकडंच येणार."
ते उठले. चप्पल शोधली.
वाट माझ्या खुर्चीमागून नव्हती,
तरी तिकडून वळसा घेऊन आले
आणि क्षणभर थांबले,
एस. टी. आल्यावर सोबतीसाठी थांबावं
तसे.

मी कागद चाळत राहिले.
सात नंतर आठ होता: कुंपणाच्या जाळ्या.

ते एकटेच गेले. दार त्यांनी लोटलं नाही.
माझ्या खुर्चीपासून उंबरा सात पावलं.
हे मी नंतर मोजलं,
सभागृह झाडायला बाई आल्या तेव्हा.

सर्वानुमते मंजूर.
चहा आला. धोत्रेच्या हातात एक बशी होती,
ती त्यानं प्रेमजींच्या कपावर घातली,
मग माझ्या कपाकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
"बाई, गार होतोय."

मी प्याले. साखर जास्त होती.
वहीतलं ऑक्टोबरचं प्रश्नचिन्ह
त्या रात्री खोडायला घेतलं,
तर मागच्या पानावर उमटलेलं निघालं.