सरासरी

पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी लागलं
की अख्खं नाशिक पूर बघायला गोदेवर जातं.
मीही तसाच गेलो,
पाणी चढताना नाही, चढून झाल्यावर.
नोव्हेंबर होता, बोनस खात्यात अजून कोमट होता,
कॅन्टीनमध्ये रोशन पगारे मोबाईल नाचवत होता
आणि मी अंगठा टेकवला.
एक लाख चाळीस हजार, एका दमात.
त्या रात्री पाणी आणखी बोटभर चढलं.
मग कंबर.
मग गुडघे, घोटे.
पुढच्या दिवाळीला मारुती कोरडा,
पायाशी चिखल,
आणि चिखलात माझे पस्तीस हजार.

तसा मी पैशातलाच माणूस.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बावीस वर्षं
नोटांचे कागद तपासतो,
सरकलेला नंबर, फुटलेली शाई,
उजेडाकडे धरून आतला चेहरा.
सुटताना गेटवर हात वर करून उभा राहतो,
शिपाई खिसे चाचपतो,
बावीस वर्षांत एक कपटा माझ्यासोबत बाहेर आलेला नाही.
आणि मी घेतलं काय,
तर ज्याला कागद नाही, शाई नाही,
उजेडाकडे धरावं तर
नुसता उजेडच.

आईला म्हटलं, बिटकॉईन घेतलंय.
तिनं ऐकलं बिटको.
खालच्या मजल्यावर सांगून आली,
पोरानं बिटको चौकात गाळा घेतला.
अजून विचारते, भाडं येतं का रे वेळेवर?
मी म्हणतो, भाडेकरू जरा अडचणीत आहे.
ती म्हणते, मग काढू नकोस त्याला,
वाईट दिवस सगळ्यांनाच येतात.

रोशननं विकलं. कटिंग चहा संपायच्या आत विकलं
आणि महिनाभर दाढी केली नाही.
मला तेही जमलं नाही.
धीर म्हणू नका त्याला.
विकलं असतं तर तो आकडा खरा झाला असता,
एवढंच.

म्हणून दर सात तारखेला हजार रुपये.
भाव न बघता, बघितलाच तर एका डोळ्यानं.
मुलीची फी भरली त्या महिन्यात पाचशे.
आईचा मोतीबिंदू निघाला त्या महिन्यात दोनशे,
पण सात तारीख मोडली नाही.

कुंदाला बाराव्या महिन्यात कळलं,
बँकेचा मेसेज पोळ्या लाटताना वाचला तिनं.
भांडली नाही. वही मागितली.
ती गल्लीतली भिशी चालवते,
अठरा बायका, एकही हप्ता बुडालेला नाही.
म्हणाली, ही भिशीच की!
फक्त पोहे नाहीत,
आणि नंबर कुणाचा लागणार ते कुणाला ठाऊक नाही.
मग विजेच्या बिलामागे भागाकार मांडला,
कणकेचं बोट आकड्यावर ठेवून म्हणाली,
माणूस आहे तिथंच आहे,
सरासरी मात्र खाली आली.

यंदा पाणी पुन्हा चढतंय म्हणे.
रोशन सांगत होता, कमरेच्या वर गेलं.
त्याला विचारलं नाही,
नदीचं की दुसरं.
बघायला गेलो नाही.

सगळ्याची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द,
ओळीनं, एकही इकडचा तिकडे न होता.
कुठं लिहायचे नाहीत असं रोशन म्हणाला होता,
म्हणून पाठ केले.
प्रेस सुटते, मी हात वर करतो,
शिपाई खिसे, पट्टा, डब्याचं झाकणसुद्धा बघतो
आणि म्हणतो, जा.
मी जातो, ओठ हलवत,
जेलरोडपर्यंत एक आवर्तन होतं.
आईला वाटतं, पोरगा उतारवयात स्तोत्राला लागला.
अकरावा शब्द रोज अडतो.
मी जिन्यात थांबतो.
आतून, फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून,
कुंदा तो सांगते.