छाट

सिव्हिलच्या मीटिंगमध्ये मी मागच्या खुर्चीवर,
एमएस्सी भाग दोन, डॉक्टर नसलेली एकटीच.
पडद्यावर माझाच आलेख:
बेचाळीस विडी कामगार बायकांचं रक्त,
त्यातले तीन ठिपके रेषेपासून लांब.

"हे तीन काढून टाका," कुणीतरी म्हणालं,
"मशीनची चूक असेल."
मी मान हलवणारच होते.

पण अम्मा आठवली,
कारखान्याच्या खिडकीशी,
हजारातल्या साठ विड्या कारकुनाने बाजूला सारल्या तेव्हा
रिकामं सूप कमरेला टेकवून उभी:
"का छाटली ते दाखव. मग छाट."

उठले. पहिला शब्द घशात तेलुगूच आला,
तो गिळला.
"सर, तिन्ही नमुने मी दोनदा लावलेत.
कंट्रोल बरोबर येतंय.
आणि या तिघी एकाच गल्लीतल्या आहेत."

पंखा फिरत राहिला.
डॉ. हत्तुरेंनी चष्मा काढला.
"मग कारण काय, येमूल?"

"माहीत नाही," म्हणाले,
आणि एवढं म्हणताना
पाय लटपटले नाहीत.

सकाळी विडी घरकुलाच्या बसमध्ये बसले,
पांढरा कोट घडी करून पिशवीत,
वर अम्माने दिलेली भाकरी,
आणि विचारायचे प्रश्न तळहातावर, पेनाने.