नपुंसकलिंग, एकवचन

पुतेओलीच्या धक्क्यामागे, खारवलेल्या माशांच्या
रांजणांना टेकून मी व्याकरण शिकवतो.
महिन्याला सहा नाणी, सणासुदीला वाटीभर तेल.
आज त्रेबियाच्या मेणपाटीवर एकच शब्द: नेगोतिउम.
धंदा, व्यवहार, देणंघेणं, कटकट,
तुझा बाप डोकं न खाजवता दिवसभर करतो ते.

फोडून बघ, म्हटलं.
तिनं अक्रोडासारखा दाताखाली घेतला.
आत निघाला 'नेक', म्हणजे नाही,
आणि 'ओतिउम', म्हणजे उसंत.
पुढे स्वर आला म्हणून नेकचा क नरमला, ग झाला.
नाही म्हणणाराही शेजाऱ्यापुढे जरा वाकतोच.

"मग धंद्याला स्वतःचं नावच नाही?"
नाही. उसंत आधीची.
ती कुठून आली, मला ठाऊक नाही.
माझ्या गुरुजींनाही नव्हतं.
विचारलं की ते खोकायचे.

मग विभक्ती.
कर्ता नेगोतिउम, कर्मही नेगोतिउम.
नपुंसकलिंगाचं असंच असतं, पोरी:
कोण करतो आणि कुणाचं केलं जातं
हे रूपावरून कळत नाही.

एवढं सांगून मी पाणी प्यायलो.
याच धक्क्यावर, पायांना खडू फासून
मला उभं केलं होतं, तेव्हा मी अकराचा.
बोली लावणारा शिंकला होता.
किंमत विसरलो. शिंक आठवते.

अनेकवचन नेगोतिआ.
"इतकी सगळी?" म्हणत तिनं
पाटीवरचं मेण अंगठ्यानं दाबून टाकलं.

उन्हं उतरल्यावर तिचा बाप आला,
ओठांत पुटपुटत, बोटांवर रांजण मोजत,
आणि आम्हाला ओलांडून तसाच पुढे गेला.
"बाबा," ती म्हणाली. दोनदा म्हणाली.
मग माझ्याकडे वळून, हळूच:
"हाक मारायचं रूप कोणतं?"
तेच, म्हटलं. बदलत नाही.

"नेगोतिउम!"

तो गर्रकन वळला.
अंगठा अनामिकेच्या दुसऱ्या पेरावर अडकलेला.
"मोजणी चुकवलीस," म्हणाला,
आणि तिच्या शेजारी, ओल्या दगडावर,
पुन्हा एकपासून मोजायला
बसला.