अस्तर

उभादांड्याच्या इनासनं आणला तेव्हा
तो नकाशा आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.
आज्याच्या पत्र्याच्या पेटीत तळाला अस्तर होतं,
वर लग्नाचा कोट आणि डांबराच्या गोळ्या.
‘टाकूक मन होयना,’ म्हणाला. ‘बघ, सांधूक जमता काय.’

तीन दिवस ओलसर टिपकागदाखाली निजला.
मग शेजारी शेजारी दोन गोल वर आले,
अस्वल, तराजू, विंचवाची नांगी,
आणि कोपऱ्यात कोरणाऱ्याचं अर्धं नाव.
उरलेलं कसरीनं खाल्लं.

तातू गिरप मेण लावलेला दोरा मागायला येतो.
चष्मा कपाळावर सारून त्यानं बराच वेळ पाहिलं.
‘ह्या उरफाटा आसा.
चोर बाजल्याच्या ह्या अंगाक नाय, त्या अंगाक.’
पन्नास वर्षं होडीत उताणा पडलेला माणूस.

मी सांगितलं, जुन्या काळी काही जण
आकाशाचा गोल बाहेरून पाहिल्यासारखा काढत,
देव बघतो म्हणे, तिथून.
‘मगे देवाक सांग, खाली येऊन बघ.
वाट आमका व्हयी.’

दक्षिणेला आपला अगस्ती
पाण्याच्या जेमतेम वर येतो न् कलंडतो,
त्याच्याही खाली या कागदावर नवे पक्षी.
डच गलबतांवरून कुणी तारे मोजून धाडले
(इथेच त्यांची वखार, आता भिंती आणि झुडपं)
आणि हॉलंडात खिडकीशी बसून
ते आकाश कधीच न पाहिलेल्या माणसानं
तांब्यावर कोरले,
सगळं उलटं, छापल्यावर सुलटं व्हावं म्हणून.

त्यातल्या एकाला पाय नाहीत.
व्यापारी कातडं पाठवताना पाय छाटून टाकत.
त्यानं समजूत करून घेतली असणार,
हा कुठे उतरतच नसेल.

‘पाय नाय? मगे बसता खंय?’
तातू हसला नाही.

खळीत चिमूटभर मोरचूद.
तांब्यावरून आलेलं आकाश
तांब्याच्याच विषानं राखायचं.
धंद्याचा नियम, नसलेलं काही भरायचं नाही.
कसरीची भोकं तशीच ठेवली,
दिव्यासमोर धरल्यावर त्यांतून उजेड आला
तोही मोजला नाही.

पण अस्तर चिकटवण्याआधी
मागच्या अंगानं, पक्षी असेल तिथे
शिसपेन्सिलीनं दोन पाय काढले.
उलटे, म्हणजे समोरून सुलटे.
जाड कागदाखाली गेले ते. दिसणार नाहीत.

इनासनं पैसे मोजून दिले.
तातू दोरा विसरला होता. उद्या येईल,
वारा बरा असला तर परवा.